वास नाही म्हणून निर्धोक नाही

मोडनिंबहून उजनीचे पाणी फार लांब नाही. या भागातल्या एखाद्या हौशी माणसाला घरच्या पडवीत लाकडी कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, बांधावीशी वाटली तर नवल नाही. पातळ मरीन प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायचे, सांध्यांत इपॉक्सीत कालवलेला लाकडाचा भुसा भरायचा आणि वरून काचेच्या धाग्यांचे कापड त्याच इपॉक्सीने चिकटवायचे. लाकूड, काचकापड आणि इपॉक्सी यांची जोडी किती भक्कम असते, हे गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या ‘म्हादेई’ने दाखवले आहे. त्याच शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. होडी टिकेल, यात शंका नाही. प्रश्न बांधणाऱ्याच्या कातडीचा आहे.

फायबरच्या बोटींना वापरतात त्या पॉलिएस्टर रेझिनचा वास डोके उठवतो, त्यामुळे माणूस आपोआप दार-खिडक्या उघडतो. इपॉक्सीला असा वास जवळजवळ नसतो आणि तिथेच फसगत होते. यात दोन द्रव असतात, रेझिन आणि हार्डनर. पूर्ण घट्ट झाल्यावर हे मिश्रण बहुतांशी निरुपद्रवी असते. ओले किंवा अर्धवट सुकलेले असताना मात्र त्यातले रेणू त्वचेत शिरून प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू म्हणून ओळखू लागते. हे पहिल्याच दिवशी होते असे नाही. आठवडे, कधी महिने काहीच जाणवत नाही. मग एकदा ओळख पटली की ती सहसा जन्मभर राहते आणि पुढे थेंबभर स्पर्शानेही मनगटे, बोटांच्या बेचक्या लाल होऊन खाजतात, पापण्या सुजतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात याला घामोळे समजून पावडर लावली जाते, नाहीतर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे मलम विचारून आणले जाते. मलमाने लाली दबते, काम चालू राहते आणि ॲलर्जी पक्की होते.

हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसायची सवय सर्वांत वाईट. थिनर त्वचेवरचे तेल काढतो आणि पातळ झालेले रेझिन आत जायला वाट करून देतो. कोरड्या फडक्याने टिपून साबण-पाण्याने धुवावे. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत आणि माखले की बदलावेत. हॉटेलात मिळणारे पातळ प्लास्टिकचे मोजे इथे कुचकामी.

सोलापूरच्या हवेचा स्वतंत्र हिशेब आहे. तापमान १० अंशांनी वाढले की ही रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. डब्यावर २५ अंशांना २० मिनिटे लिहिली असतील तर ४० अंशांना सात-आठच मिनिटे हाती राहतात. खोल भांड्यात कालवलेले मिश्रण तर स्वतःच्याच उष्णतेने तापते, धुरावते, प्लास्टिकचा पेला वितळवते. म्हणून सकाळी लवकर, थोडे थोडे, पसरट ताटलीत कालवावे. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घालणे हा तर उफराटा उपाय. प्रमाण चुकले की मिश्रण कुठेतरी कच्चे राहते. त्यावर घाईने पॉलिश पेपर मारला की तीच कच्ची धूळ घामेजल्या मानेवर आणि श्वासात जाते. चार-पाच दिवस थांबावे, मग ओला पेपर मारावा. धुळीला एन-९५ मास्क चालतो. वाफेला तो अडवत नाही, त्यासाठी मोकळी हवा हवी.

होड्या बांधणारे मोजके असतील. पण फुटका पाइप बुजवायला दोन रंगांच्या कांड्या उघड्या हातांनी मळणारे प्लंबर आणि जेवणाच्या टेबलावर, मुले शेजारी असताना, रेझिनचे ट्रे ओतणाऱ्या गृहिणी गावोगाव आहेत. त्यांच्या हातात पडणाऱ्या डब्यावरची सूचना बारीक इंग्रजीत का असावी? कीटकनाशकाच्या डब्याबरोबर मराठी पत्रक देता येते, तर इथेही देता आले पाहिजे. दुकानदाराने सुट्या बाटलीत, लेबलाविना भरून दिलेला माल तर घेऊच नये. पुरळ उठले तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना मूळ डबा किंवा त्याचा फोटो बरोबर न्यावा. पाठीवर ४८ तास पट्ट्या चिकटवून करायच्या पॅच टेस्टच्या प्रचलित संचात इपॉक्सी रेझिन असते. हार्डनर त्यात असेलच असे नाही, म्हणून तो वेगळा सांगावा लागतो.