घरातला राउटर आजच तपासा

वायफाय चालू आहे, व्हिडिओ अडकत नाही, म्हणजे राउटर ठीक आहे असं धरून आपण वर्षानुवर्षं त्याच्याकडे पाहत नाही. म्हणून ही कळकळीची विनंती. हे वाचून झालं की उठा, टीव्हीमागचा तो डबा उलटा करा आणि तळाशी छापलेला मॉडेल नंबर लिहून घ्या. नंबरापुढे व्ही१, व्ही२ असं काही असेल तर तेही लिहा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांपैकी एकीला कंपनी अजून सांभाळत असते आणि दुसरीला तिने कधीच सोडून दिलेलं असतं.

मग कंपनीच्या संकेतस्थळावर एकच गोष्ट शोधा: या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट अजून मिळतात का? राउटर हा छोटा संगणकच आहे. त्याच्या प्रणालीत दोष सापडत राहतात आणि कंपनीने दुरुस्ती पाठवली तरच ते बुजतात. ती थांबली की पुढे सापडणारं प्रत्येक भगदाड कायमचं उघडं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याबद्दलच जाहीर इशारा दिला. लिंक्सिसच्या ई१२००, ई२५०० यांसारखे जुने राउटर ताब्यात घेऊन गुन्हेगार त्यांच्यावरून जाणारी वाट इतरांना विकत होते. फसवणारा कुठेतरी लांब बसलेला आणि इंटरनेटवर दिसणारा पत्ता मात्र एखाद्या साध्या कुटुंबाच्या घरचा. अशा वेळी चौकशी आधी कुणाच्या दारात येईल?

हे परदेशातच घडतं असं समजू नका. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम एका मालवेअरने बंद पाडले. कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड ज्यांच्या मोडेमवर राहिला होता, त्यांना फटका बसला. त्याआधी २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या मालवेअरने यूजरनेम आणि पासवर्डच्या अशाच ठरावीक, जेमतेम साठेक जोड्यांची यादी वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले होते.

तेव्हा पासवर्ड दोन असतात हे ध्यानात ठेवा. पाहुण्यांना सांगतो तो वायफायचा, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा. दुसरा बहुतेक घरांत कुणी बदललेलाच नसतो. तो आज बदला. सेटिंगमध्ये गेलातच तर रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय) आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा, आणि वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर, ते नसेल तर डब्ल्यूपीए२ वर ठेवा. राउटर इंटरनेट कंपनीने किंवा केबलवाल्याने दिलेला असेल तर शेवटचा अपडेट कधी झाला हे त्यांना विचारा. जुना झाला असेल तर बदलून मागा, आणि त्यात संकोच करू नका.

स्वतःच्या राउटरचे अपडेट थांबले असतील तर तो बदला. नवा घेताना अँटेना मोजत बसू नका. चार अँटेना पाहून भुलणारे पुष्कळ भेटतात, पण लहरींच्या शक्तीला सरकारी मर्यादा असते आणि काँक्रीटच्या भिंतीपुढे अँटेनांची संख्या फारशी कामाची नसते. घर मोठं असेल तर मेश, म्हणजे घरभर ठेवलेले अनेक डबे मिळून एकच वायफाय देणारा संच घ्या, शक्य तिथे त्याचे डबे केबलने जोडा. पोर्ट मात्र जरूर पाहा. दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेऊन शंभरच्या पोर्टचा स्वस्त राउटर लावला, तर अर्धा वेग दारातच अडतो आणि पैसे पूर्ण जातात. आणि दुकानदाराला विचारा की अपडेट किती वर्षं मिळतील. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांना ही मुदत जाहीर करावीच लागते आणि सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड देण्यास बंदी आहे. आपण गिऱ्हाइकांनीही उत्तर मिळेपर्यंत पैसे काढू नयेत. सेकंडहँड राउटर तर, कितीही स्वस्त असो, घेऊच नका.

गावी आईवडील एकटे राहत असतील तर त्यांचा राउटर ही तुमची जबाबदारी आहे. त्यांचं पेन्शनचं खातं, वीजबिल, डॉक्टरांशी होणारा व्हिडिओ कॉल, सगळं त्याच डब्यातून जातं. पुढच्या भेटीची वाट पाहू नका. आज रात्री फोन करा, तळाचा फोटो मागवा आणि मॉडेल तपासा. कुणी आधीच ऑनलाइन फसवणुकीत पैसे गमावले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा.