वेश घालायचा तर नावाचा घाला



दसरा आटोपला की शाळांमध्ये वेशभूषा स्पर्धांची धामधूम सुरू होते. “पोराला काय बनवावे? खर्च झेपला पाहिजे आणि चारचौघांत उठूनही दिसले पाहिजे,” असे आम्हाला नेहमी विचारले जाते. मोठ्या शहरांतल्या काही शाळांत आता ३१ ऑक्टोबरचा अमेरिकेतला हॅलोविनही आला आहे. मुले भूत, चेटकीण, हाडांचा सापळा होऊन येतात. भुताखेतांची आपल्याकडे कधी टंचाई नव्हती. ती बाहेरून आणण्याचे कारण नाही. त्यापेक्षा पुस्तकातली माणसे आणावीत, असे आम्हाला वाटते. का, ते सांगतो.

मागे एटापल्लीला एका शाळेच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. स्पर्धेत आमच्या नात्यातलाच एक मुलगा होता. कमरेला पळसाची पाने, डोक्यावर कोंबड्याची पिसे, अंगभर काळा रंग, हातात भाला. तो मंचावर नाचला, ओरडला. पुढे बसलेले लोक पोट धरून हसले. आम्हीही टाळ्या वाजवल्या, हे कबूल केले पाहिजे. मागे सतरंजीवर वसतिगृहातल्या माडिया मुली बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांतल्या एकीने विचारले, “मावशी, तो कोण झाला होता?”

“आदिवासी,” आम्ही म्हणालो.

“हो, पण त्याचं नाव काय?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिचे वडील सकाळीच तिला भेटून गेले होते, स्वच्छ पांढरा शर्ट घालून. मंचावरचा तो प्राणी तिच्या घरातला कोणीच नव्हता.

हे आपल्याला तरी कळायला हवे होते. माणसाला कपड्यावरून हिणवणे म्हणजे काय, हे आपल्या आजी-पणजीने भोगले आहे. इंदूरकडच्या गावांत बलाई समाजावर लादलेले नियम बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’च्या ग्रंथात नोंदवले आहेत: पुरुषांनी रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायांना बाबासाहेबांनी सांगितले, की ज्या पेहरावावरून तुमची जात ओळखू येते तो टाकून द्या. आणि बायांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. अशा घरातल्या मुलाने दुसऱ्या समाजाचे सोंग घेऊन हशा मिळवावा, हे शोभत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: वेश नावाचा असावा, जातीचा नसावा. पुस्तकातल्या माणसाला नाव असते, घर असते, गोष्ट असते. इंग्लंडमध्ये मार्च महिन्यात जागतिक पुस्तक दिनाला शाळकरी मुले आवडत्या पुस्तकातले पात्र होऊन शाळेत जातात. आपल्याकडे २०१५ पासून १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्याच सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवरून आणि चंद्रपूरहून आपली माणसे पिशवीत पुस्तके घेऊन परततात. वेश त्या पिशवीतूनच काढावा. काही सोपे वेश सांगतो.

कार्व्हर. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ वाचून घ्यावे. आजोबांचा जुना सैल कोट, कोटाच्या काजात एक ताजे फूल, ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा. गुलामीत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाच्या कोटाला नेहमी फूल असे. तोंडाला मात्र काळे फासू नये. कार्व्हर ओळखू येतो तो फुलाने आणि शेंगेने.

तोत्तोचान. या जपानी मुलीच्या शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरत. खेळताना फाटण्याची भीती नको, म्हणून मुख्याध्यापक पालकांना सांगत की मुलांना जुनेच कपडे घालून पाठवा. तेव्हा ठिगळाचा फ्रॉक इथे दोष नाही, तोच खरा वेश! किराणा दुकानातले रिकामे खोके आणून खिडक्या कापल्या की डबा तयार. एटापल्लीला रेल्वे नाही. खोक्याची तरी येईल.

फकिरा. अण्णा भाऊ साठ्यांची ही कादंबरी १९५९ ची आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. धोतर, मुंडासे, खांद्यावर घोंगडी, पुठ्ठ्याची तलवार. ही तलवार भुकेल्या गावासाठी उचलली होती, हे मुलाला सांगता आले पाहिजे.

मुक्ता साळवे. फुले दांपत्याच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आईचे सुती लुगडे आणि हातात लिहिलेला कागद, बस्स. निबंधाचा आशय मुलीने आपल्या शब्दांत सांगावा.

वीर बाबूराव शेडमाके. आपल्याच भागातला हा गोंड वीर इंग्रजांशी लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फासावर गेला. धोतर, अंगरखा, फेटा. पाने नाहीत, पिसे नाहीत.

लहानग्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. हाफ पँट, सायकलची घंटी आणि जिभेने ‘टॉक्’ केले की झाले!

यांपैकी कशालाही भाड्याचा झगमगीत पोशाख लागत नाही. पण एक अट आहे: आधी पुस्तक, मग वेश. शाळेच्या वाचनालयातून ते आणावे, निदान दहा दिवस रोज रात्री थोडे थोडे मोठ्याने वाचावे. आईला वाचता येत नसेल तर मुलाने वाचावे आणि आईने ऐकावे. हा तर दुहेरी लाभ आहे.

स्पर्धेला निघण्यापूर्वी घरातच मुलाला समोर उभे करून विचारा, “तुझे नाव काय? तू कुठला? तुझ्यावर काय प्रसंग आला होता?” उत्तर अडखळत आले तरी चालेल. उत्तरच नसेल, तर वेश उतरवून पुन्हा पुस्तक हाती द्या.

मागच्या सतरंजीवर बसलेली मुलगी तेच विचारणार आहे.