पसंतीचा आवाज आणि झाकलेला पडदा

एका टेबलावर दोन अ‍ॅम्प्लिफायर, शेजारी तीन-चार हेडफोन आणि समोर डोळे मिटून बसलेला श्रोता, हे दृश्य आता भारतातल्या मोठ्या शहरांत नवलाचे राहिलेले नाही. एका अ‍ॅम्प्लिफायरमधली वायर काढून दुसऱ्यात घातली जाते, क्षणभर शांतता पसरते आणि मग निकाल येतो. हा ‘उबदार’ आहे, तो ‘कोरडा’ आहे, तिसऱ्याचा ‘पडदा दूर झाला’. ही विशेषणे ऐकूनच अनेक तरुण श्रोते महिन्याच्या कमाईएवढी, कधी त्याहून अधिक रक्कम मोजतात. आवडीसाठी पैसे खर्च करण्यात गैर काहीच नाही. मात्र विज्ञान शिकणाऱ्यांनी तरी विचारायला हवे की या निकालातला किती भाग कानांनी दिला आणि किती भाग किमतीच्या चिठ्ठीने.

पहिला गोंधळ आवाजाच्या पातळीचा. दोन उपकरणांपैकी एक अर्धा डेसिबल जरी मोठे वाजत असेल, तरी श्रोत्याला ते ‘मोठे’ म्हणून जाणवत नाही. ते ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक भरीव’ म्हणून जाणवते. याचे एक कारण १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले. कानाची संवेदनशीलता सर्व वारंवारतांना सारखी नसते, आणि आवाज लहान झाला की मंद्र स्वर इतरांपेक्षा लवकर क्षीण होतात. म्हणजे केवळ पातळी वाढवली तरी मंद्राला आपोआप अंग भरते. म्हणूनच गंभीर तुलनेत दोन उपकरणांच्या पातळ्या ०.१ डेसिबलच्या आसपास जुळवाव्या लागतात. ०.१ डेसिबल म्हणजे व्होल्टतेत जेमतेम १.२ टक्क्यांचा फरक. व्हॉल्यूमचे बटण अंदाजाने फिरवून हे साधत नाही. त्यासाठी हेडफोन जोडलेला ठेवून मल्टिमीटरने व्होल्टता मोजावी लागते. साध्या मल्टिमीटरचे वाचन उंच वारंवारतांवर बिघडते, म्हणून तीन-चारशे हर्ट्झचा स्थिर स्वर बरा. या दहा मिनिटांच्या कामाला फाटा देऊन काढलेल्या निष्कर्षांना करमणुकीपलीकडे मोल नसते.

अ‍ॅम्प्लिफायरबद्दलचा सर्वांत रूढ समज असा, की ‘मोठ्या’ हेडफोनला ‘मोठी’ ताकद लागते. गणित वेगळेच सांगते. सेनहायझरचा एचडी ६५० हा या छंदातला जुना, परिचित हेडफोन. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध, ३०० ओहम आहे. आणि १ व्होल्ट दिल्यावर तो १०३ डेसिबल आवाज देतो, असे निर्मात्याचे विनिर्देश सांगतात. संगीतातल्या क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबल हवेत असे धरले, तर आणखी ७ डेसिबल लागतात, म्हणजे सुमारे २.२४ व्होल्ट. वर्ग करून ३०० ने भागले की शक्ती निघते जवळपास १७ मिलिवॅट. प्रवाह साडेसात मिलिअँपिअर. भिंतीएवढ्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे उभे राहून ज्या ताकदीचे गोडवे गायले जातात, ती एवढीच! मोबाइलला जोडायच्या करंगळीएवढ्या डाँगलमधून मिळणारा १ व्होल्टही रोजच्या ऐकण्यासाठी भरपूर ठरतो.

याला अपवाद आहेत आणि ते खरे आहेत. हायफायमॅनच्या एचई-६ या प्लेनर हेडफोनची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल आणि इम्पिडन्स ५० ओहम. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे ४४७ मिलिवॅट आणि ९५ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे पहिल्या हेडफोनच्या जवळपास सत्तावीसपट शक्ती. इथे दुबळा अ‍ॅम्प्लिफायर शिखरांवर कापला जाईल आणि फरक कोणालाही ऐकू येईल. म्हणून ‘सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच’ हे विधानही तितकेच आळशी आहे. प्रश्न ताकदीचा असेल तर उत्तर दोन ओळींच्या आकडेमोडीत मिळते. त्यासाठी कोणाच्या सोनेरी कानांची साक्ष लागत नाही.

‘उबदार’ आवाजाचे कोडे मात्र अधिक रसाळ आहे, कारण त्यात श्रोता बहुधा खोटे बोलत नसतो. हेडफोनचा ३०० ओहम हा आकडा नाममात्र असतो. प्रत्यक्षात डायनॅमिक हेडफोनचा पडदा जिथे अनुनादित होतो, तिथे इम्पिडन्स उसळी मारतो. एचडी ६५० मध्ये १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० ओहमच्या घरात जातो. आता अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स जवळपास शून्य असेल, तर या उसळीने काहीच बिघडत नाही. पण तो १२० ओहम असेल तर अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन मिळून अकरावी-बारावीच्या पुस्तकातला व्होल्टता-विभाजक तयार होतो. ३०० ओहमच्या पट्ट्यात हेडफोनला ७१ टक्के व्होल्टता मिळते आणि ५०० ओहमच्या पट्ट्यात ८१ टक्के. फरक सुमारे १ डेसिबल, आणि तो नेमका मंद्रात. १२० ओहम हा आकडा कल्पनेतला नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६१९३८ या मानकात तो पूर्वी सुचवलेला होता. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्सही बहुधा दशकांत असतो. त्यात व्हॉल्व्हची दुसऱ्या अधिस्वराची विकृती मिसळली की मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातली हलकी छाया उमटते, जी कानाला बेसूर वाटत नाही.

तेव्हा व्हॉल्व्हची ऊब ही काचेच्या नळीतल्या तांबूस प्रकाशाची जादू नसून बऱ्याच अंशी मंद्रातला एक डेसिबल आणि थोडी विकृती आहे. ती आवडणे मुळीच कमीपणाचे नाही. कमीपणा आहे तो तिला ‘अधिक सत्य’ म्हणण्यात. जो बदल इक्वलायझरच्या एका पट्टीने विनामूल्य करता येतो, त्याला सत्याचे नाव दिले की किंमत शंभरपट होते.

कानात घालायच्या बॅलन्स्ड आर्मेचर इअरफोनमध्ये हीच गोष्ट टोकाला जाते. एखाद्याचा इम्पिडन्स ८ ते ४० ओहम असा हिंदकळत असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल, तर वारंवारता-प्रतिसाद ५ डेसिबलने वाकतो. अशा वेळी दोन श्रोते एकाच इअरफोनबद्दल अगदी विरुद्ध मते देतात आणि दोघेही बरोबर असतात.

अ‍ॅम्प्लिफायरकडून हेडफोनकडे वळले की फरकांचे प्रमाणच बदलते. दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक डेसिबलच्या दशांशात असेल, तर दोन चांगल्या हेडफोनमधला फरक पाच-दहा डेसिबलचा असू शकतो. शिवाय हेडफोन आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये प्रत्येकाचा स्वतःचा कान असतो. कर्णपाळीच्या वळ्या आणि कर्णनलिकेचा सुमारे ३ किलोहर्ट्झचा अनुनाद माणसागणिक बदलतो. चष्म्याची काडी किंवा जाड वेणी गादीखाली आली तरी फट पडते आणि मंद्र गळून जातो. दुकानात चष्मा काढून ऐकलेला आणि घरी चष्मा लावून ऐकलेला हेडफोन हे मोजमापाच्या दृष्टीने दोन वेगळे हेडफोन आहेत. (ही साधी गोष्ट परीक्षणे लिहिणारे क्वचितच नोंदवतात.)

किमतीचे काय? २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनची मोजमापे तपासून अमेरिकेच्या ध्वनिविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. हेडफोनचा वारंवारता-प्रतिसाद आणि त्याची किरकोळ किंमत यांच्यात सहसंबंध आढळत नाही. महागड्या हेडफोनमध्ये बांधणी, आराम, टिकाऊपणा, सुटे भाग यांचे मोल असते आणि ते मान्य करायला हवे. परंतु ‘दुप्पट किंमत, दुप्पट चांगला आवाज’ या गृहीतकाला मोजपट्टीचा आधार नाही.

मग लोकांना आवडते तरी काय? या प्रश्नाचा पद्धतशीर पाठपुरावा गेल्या दशकात हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी केला. त्यांची अडचण अशी होती, की हेडफोनची अंध चाचणी घेणे कठीण. डोळे बांधले तरी वजन आणि गादीचा स्पर्श ओळख देतात. तोडगा साधा निघाला. एकाच हेडफोनमधून इतर हेडफोनचे मोजलेले प्रतिसाद इक्वलायझरने उभे करायचे आणि श्रोत्याला काय वाजते आहे हे सांगायचे नाही. या चाचण्यांतून जो सरासरी पसंतीचा आलेख निघाला, तो चांगल्या खोलीत वाजणाऱ्या चांगल्या स्पीकरच्या जवळ जाणारा होता. कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन या चार देशांतल्या श्रोत्यांत पसंतीचा कल बराचसा एकसारखा आढळला. वय आणि अनुभव यांनुसार मंद्र-ताराची मागणी थोडीफार हलली, इतकेच.

या यादीत भारत नाही. ‘भारतीय कान वेगळा असतो’ किंवा ‘भारतीयांना मंद्रच लागतो’ अशी विधाने जाहिरातींत सर्रास दिसतात, पण चार देशांत कल सारखा निघाला असताना पाचव्यात तो वेगळा असेल हे मानायला आधी पुरावा हवा. वेगळी असू शकते ती चाचणीची सामग्री. त्या अभ्यासांत वारंवार वापरली गेलेली गाणी पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातली आहेत. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झला असतो, म्हणजे इम्पिडन्सच्या त्याच उंचवट्याच्या परिसरात. आणि त्याच तारेची जवारी अधिस्वरांची रांग काही हजार हर्ट्झपर्यंत उघडत नेते. मंद्रातला एक डेसिबल आणि तारातला एक खड्डा हे दोन्ही दोष एकाच छेडीत उघडे पाडणारे याहून चांगले वाद्य शोधून सापडणार नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची कसोटीचा ध्वनी म्हणून असलेली योग्यता मात्र अजून कोणी फारशी तपासलेली दिसत नाही.

या देशात अशा तपासाची परंपरा नाही, असेही म्हणता येत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवले, की शाईचा थर दिलेल्या भारतीय तालवाद्यांचे अधिस्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, जे साध्या ताणलेल्या पडद्याला जमत नाही. १९२१ साली त्यांनी वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीचा विचार केला आणि एक विलक्षण गोष्ट नोंदवली. तार जिथे छेडली तिथे ज्या अधिस्वरांचा निस्पंद बिंदू येतो, ते अधिस्वर यंग-हेल्महोल्ट्झ नियमानुसार उमटायला नकोत; तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात. कोलकात्याच्या प्रयोगशाळेत हे काम झाले तेव्हा आजच्या महाविद्यालयात धूळ खात पडलेला ऑसिलोस्कोपही उपलब्ध नव्हता.

अंध तुलनेची रीतही नवी नाही. १९५० साली मन्सन आणि गार्डनर यांनी आणि १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी मांडलेली एबीएक्स चाचणी आज संगणकावरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळते. ‘अ’ आणि ‘ब’ ऐकायचे, मग ‘क्ष’ या दोहोंपैकी कोणता ते ओळखायचे. १६ वेळांपैकी १२ किंवा अधिक वेळा बरोबर आले, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता ३.८ टक्के. इथे विद्यार्थ्यांनी एक सापळा ओळखायला हवा. वीस मित्रांनी ही चाचणी दिली आणि कोणालाच काही ऐकू येत नसले, तरी त्यांपैकी निदान एक जण ‘उत्तीर्ण’ होण्याची शक्यता ५४ टक्के असते. त्या एकाला लगेच सोन्याच्या कानाचा मानकरी ठरवू नये. त्याची चाचणी पुन्हा घ्यावी. उलट एखादा अनुत्तीर्ण झाला म्हणून फरक अस्तित्वातच नाही असेही सिद्ध होत नाही. त्या श्रोत्याला, त्या ध्वनीत, त्या दिवशी तो सापडला नाही, एवढेच सिद्ध होते. ऐकलेल्या ध्वनीची बारीक स्मृती काही सेकंदांतच विरते, म्हणून वायर काढून घालण्यात अर्धा मिनिट गेले की तुलना आठवणींशी होऊ लागते. झटकन बदलणारे स्विच त्यासाठीच हवे.

पदवीच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत फंक्शन जनरेटर, मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप असतातच. हेडफोनशी १०० ओहमचा रोधक एकसर जोडून वीस हर्ट्झपासून वर जात दोन्हींवरच्या व्होल्टता मोजल्या, तर इम्पिडन्सचा डोंगर एका तासिकेत आलेखावर उभा राहतो. तोच रोधक तसाच ठेवून तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण ऐकावे, मग काढून, पातळी जुळवून ऐकावे. कोणता आवाज कोणता हे दुसऱ्याने कागदावर लिहून झाकून ठेवावे. आवाज मर्यादेतच असावा, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सुरक्षित आणि ८३ डेसिबलला निम्मेच. इतके केल्यावर ज्याला रोधकासहितचा आवाज आवडेल, त्याने तो रोधक दोन रुपयांना विकत घ्यावा.