पार्ट संपलेला नाही, माहिती दडवलेली आहे

"याचा पार्ट येत नाही आता, गाडी काढून टाका." जुनी ऑफ-रोड बाइक बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. काउंटरवरचा माणूस सांगतो, ऑफिसातला मित्र सांगतो, घरचे तर सांगतातच. माझं म्हणणं असं की बऱ्याचदा हे वाक्यच खोटं असतं. पार्ट असतो हो! तो कुठल्या नावाने, कुठल्या रॅकवर पडलाय हे सांगायला कोणी तयार नसतं. म्हणजे हा स्टॉकचा नाही, डेटाचा प्रॉब्लेम आहे. आणि डेटा ज्यांच्याकडे आहे ते गप्प आहेत.

उदाहरणाला हिरोची इम्पल्स घेऊ. होंडापासून फारकत घेतल्यावर २०११ मध्ये हिरोने ही १५० सीसीची गाडी आणली. आधार होता ब्राझीलमधल्या होंडाच्या ब्रॉसचा. वर वळवलेला सायलेन्सर, मागे मोनोशॉक, पुढे १९ आणि मागे १७ इंची चाक. घाटातल्या कच्च्या रस्त्यांवर भटकणाऱ्यांना ती आवडली, पण काही वर्षांत बंद झाली. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली, तिची चाकं २१ आणि १८ इंची. म्हणजे नावात साम्य असलं तरी धाकटीचं चाक थोरलीला चालेल असं धरून चालता येत नाही.

अशी कुठलीही गाडी उघडली की पार्ट तीन जातींचे निघतात.

पहिली जात कंपनीची नसतेच. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६३०१ असेल तर आतला व्यास १२ मिलिमीटर, बाहेरचा ३७, जाडी १२. ते बाइकमधून निघालं की पिठाच्या गिरणीतून, बेअरिंगच्या दुकानदाराला काही फरक पडत नाही. (चिखलात घालायचं असेल तर दोन्ही बाजूंनी रबर सीलवालं मागा.) ऑइल सीलवर बहुधा तिन्ही मापं छापलेली असतात. चेन ४२८ असेल तर पिच अर्धा इंच. आकडे झिजले असतील तर व्हर्नियर कॅलिपर आहेच. पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत करोल बागेत रोज हेच चालतं, जुना नमुना हातात घेऊन.

दुसरी जात भावंडांची. एकाच कंपनीच्या चार गाड्यांत तोच पार्ट असतो, आणि खरी लपवाछपवी इथे आहे. होंडाच्या पद्धतीच्या पार्ट नंबरात पहिले पाच आकडे वस्तू सांगतात, उदाहरणार्थ २२८७० म्हणजे क्लच केबल. मधली तीन अक्षरं सांगतात की तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी बनला. शेवटचे आकडे म्हणजे त्याची आवृत्ती. नुसते पहिले पाच जुळले तर भुलू नका, केबलची लांबी वेगळी निघेल. पण पूर्ण नंबर जुळला तर गाडीचं नाव काहीही असो, पार्ट तोच. बंद पडलेल्या गाडीची केबल चालू मॉडेलच्या डब्यात असू शकते.

मग मला हवी एक उलटी यादी. हा नंबर अजून कुठल्या मॉडेलला लागतो? जुना नंबर बदलून कुठला नवीन आला? ही यादी प्रत्येक कंपनीकडे असणारच, तिच्याशिवाय त्यांचा खरेदी विभाग एक दिवस चालणार नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एक क्वेरी, बस्स.

तिसरी जात मात्र अस्सल एकुलती एक. टाकीचे प्लॅस्टिक, हेडलाइटचा मुखवटा, सीट. इथे कंपनीने किती वर्षं बनवणार ते गाडी विकतानाच लिहून द्यावं.

आता तुम्ही म्हणाल, यादी उघड केली तर डुप्लिकेटवाल्यांचं फावेल. अहो, डुप्लिकेटवाल्याने एक ओरिजिनल पार्ट विकत घेऊन साचा कधीच पाडलाय! त्याला यादीची गरज नाही. गरज आहे गिऱ्हाइकाला आणि तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकला. नंबर मिळाला नाही की तो 'बसतंय तर बसव' करतो. आरशाच्या बाबतीत ते ठीक, पण ब्रेकच्या बाबतीत? खाली दरी असते राव.

दुसरा आक्षेप: कंपनीने जुनी ओझी किती दिवस वाहायची? याचं उत्तर आरसीवर छापलेलं आहे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ मध्ये नोंदलेली गाडी २०२७ पर्यंत कायद्याने रस्त्यावर चालू शकते. सरकार १५ वर्षं देतं, तर विकणाऱ्याने निदान माहिती तरी तेवढी वर्षं द्यावी. विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, पण तारीख आधी जाहीर करून. मोफत मिळणाऱ्या उबुंटूची एलटीएस आवृत्तीही पाच वर्षांचा शब्द देते. लाखभर रुपये मोजून घेतलेल्या गाडीला हा मान का नाही?

हे काही माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न देणं हाच मुद्दा होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा मेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्याच्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत. पण सक्ती नसेल तर पोर्टल म्हणजे नुसता नोटीस बोर्ड.

तोवर आपल्या हातात काय? पुढच्या वेळी चकचकीत अॅडव्हेंचर बाइक बघायला शोरूममध्ये जाल, तेव्हा मायलेजच्या आधी तीन प्रश्न विचारा. पार्ट कॅटलॉग गिऱ्हाइकाला बघता येतो का? हे पार्ट अजून कुठल्या गाडीला लागतात? आणि किती वर्षं मिळतील, ते लिहून द्याल का? पहिल्यांदा सेल्समन हसेल. शंभर जणांनी विचारलं की तो वर मेल टाकेल. निदान पुढच्याला "येत नाही" सांगताना काउंटरवाल्याला आधी कॅटलॉग उघडावा लागेल.