लग्नपत्रिकेतलं समाजशास्त्र

अकरावी कला शाखेच्या प्रवेशाला पालक हमखास विचारतात, ‘सर, समाजशास्त्रात मार्क पडतात ना?’ पडतात की! संस्कृतीकरणाची व्याख्या आणि समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास हे नाव गाइडातून घोकलं की भागतं. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले, माणसांत बसून टिपणं काढत राहिले, हे मात्र पोरांच्या गावीही नसतं.

मी वर्गात जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगतो. आजोबा ‘कै.’ झालेले, तरी सगळ्यांत वर. धाकटी आजी हयात, तिचं नाव नाही. सरपंच, चेअरमन, संचालक यांची यादी भावकीहून लांब. (सोसायटीची निवडणूक जवळ असली की आणखी लांब.) एका मुलीनं विचारलं, ‘यात चारही मामा आहेत, मावशी एकपण का नाही?’ पुढची अख्खी तासिका त्यावर गेली. व्याख्या आपोआप आल्या.

हे अकरावीपर्यंत का थांबवायचं? दहावीपर्यंत इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल. समाजशास्त्र त्यानंतर, तेही ऐच्छिक. सायन्सला गेलेल्या पोराची त्याच्याशी गाठच पडत नाही. ‘वर्गात जात काढली तर भांडणं होतील,’ असं सहकारी म्हणतात. पोरांच्या स्टेटसवर आणि गाडीच्या नंबरप्लेटवर जात आधीच झळकतेय. वर्गात निदान ‘हे तुला कुणी सांगितलं?’ असं विचारणारं कुणी असतं.

नववीला आठवड्यातून दोन तासिका द्या. पुस्तक मागाहून छापलं तरी चालेल.