अनुदानाच्या अर्जात बायको कुठे आहे?

मैत्रिणींनो, व्यसनमुक्तीच्या कामासाठी अनुदानाचा अर्ज तुमच्यापैकी काहीजणींनी भरला असेल. सातारा-सांगली भागात मी तो बरीच वर्षं भरते आहे. खाटा किती, रुग्ण किती, डॉक्टर किती तास येणार, सगळ्याला रकाना आहे. रुग्णाच्या बायकोला नाही.

अनुदान नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. 1980 नंतर मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे अफूपासून बनणारी ब्राऊन शुगर, पोरांच्या हातात आली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले आणि 1986 साली पुण्यात डॉ. सुनंदा अवचटांच्या पुढाकारानं मुक्तांगण उभं राहिलं. पण देणगीनं केंद्र सुरू होतं, दर महिन्याचा पगार भागत नाही. म्हणून सरकारी पैसा लागतोच. तो येतो मात्र साच्यात: पंधरा खाटा, ठरलेली पदं, ठरलेलं मानधन. हप्ता लांबला की नर्सबाई दुसरीकडे नोकरी बघतात. तिचं तरी काय चुकतं?

2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे सव्वादोन कोटी आणि दारू पिणारे सोळा कोटी निघाले. आपल्या गावांत दारूच मोठी. त्यात 2024 मध्ये कुपवाड आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडीचे साठे सापडले. पोलीस आले, बातम्या आल्या.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या ‘परिवर्तन’सारखी केंद्रं माणसाला सावरतात. पण महिनाभरानं तो घरी येतो आणि पुढचं केंद्र म्हणजे त्याची बायको. गोळी समोर बसून द्यायची, उधारी फेडायची, जुने दोस्त दारातून परत पाठवायचे, रोजानं शेतात जायचं, आणि तो पुन्हा प्याला तर ‘हिनंच डोकं खाल्लं’ हे सासूकडून ऐकायचं. मारही खायचा. अहवालात मात्र तो ‘बरा झालेला रुग्ण’ आणि ती कुणीच नाही. मुक्तांगणनं बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवला, व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ वेगळं केलं. तालुक्याच्या गावी हे कुणी करायचं, कशातून?

पैसा नाही हे मला पटत नाही. जून 2025 मध्ये राज्य सरकारनं मद्यावरचं शुल्क वाढवलं, तेव्हा वर्षाला 14 हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज सांगितला. (बाटली आडवी करायची तर गावातल्या निम्म्याहून जास्त बायांची मतं लागतात. वसुलीला कुणाला विचारावं लागत नाही.) अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामकांच्या कंपन्यांकडून 50 अब्ज डॉलरहून अधिक भरपाई ठरली, तर काही ठिकाणी त्यातून पोलिसांच्या गाड्या घेतल्या गेल्या. म्हणजे पैसा आला तरी कशावर जातो हे बघावंच लागतं.

अटींपुढे मान तुकवायलाच हवी असंही नाही. 2005 मध्ये अमेरिकी सरकारच्या एड्सनिधीबरोबर वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी हमी मागितली गेली. सांगलीच्या ‘संग्राम’नं ती दिली नाही, पैसा सोडला. ज्या बायांबरोबर काम करायचं त्यांच्याच विरुद्ध सही कशी करणार? आपल्याला तर एवढं मोठं काही सोडायचंही नाही, मागायचं आहे.

काय मागायचं? प्रत्येक केंद्रात बायकांसाठी पूर्णवेळ कार्यकर्ती. मारहाण होत असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज करून देणारं माणूस. गटाच्या दिवशी बुडणारा रोज. आणि जत-माणहून येणाऱ्या बाईचं एसटीचं भाडं. अंदाजपत्रकात ‘प्रवासखर्च’ हे कलम आधीपासून आहे, पण ते कर्मचाऱ्यांसाठी.