विषबाधेची खबर वर पोचली पाहिजे



फवारणीच्या विषबाधेबद्दल आरोग्य खात्याच्या सूचना वरून खाली येतात. पण वावरात पडलेल्या माणसाची खबर खालून वर जाते का? २०१७ साली यवतमाळला याचे उत्तर मिळाले.

त्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना २० हून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. तपास पथक नेमले ते ऑक्टोबरात. ५ कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी आली ती नोव्हेंबरात, फवारण्या उरकत आल्यावर. तीही यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम एवढ्याच जिल्ह्यांत. म्हणजे मलकापुरात जे विष, ते शीव ओलांडून मुक्ताईनगरात आले की औषध! त्या ५ पैकी मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के कायमचे बंद करण्याचा केंद्राचा आदेश निघायला २०२३ साल उजाडले.

दोष मात्र फवारणाऱ्याच्या माथी मारला गेला. हातमोजे नव्हते, तोंडाला फडके नव्हते. काळजी घ्यावीच, त्यात वाद नाही. पण डोक्याएवढ्या कपाशीत, उन्हातान्हात पंप पाठीवर घेणाऱ्या सालदाराला दोष देऊन सरकारची जबाबदारी संपत नाही.

कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. त्याच्या २६ व्या कलमाने राज्य सरकार अधिसूचना काढून विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे सक्तीचे करू शकते. २७ व्या कलमाने घातक मालाची विक्री थांबवता येते. पहिले कलम झोपले तर दुसरे उशिराच जागे होणार. एकाच औषधाचे ४ रुग्ण दवाखान्यात आले, हे कृषी अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळले, तर पाचवा वाचतो.

उपचाराचेही तसेच. ऑर्गेनोफॉस्फरस गटाच्या विषाने बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, घाम फुटतो, श्वास कोंडतो. तेथे अॅट्रोपिन ताबडतोब लागते. जळगाव गाठेपर्यंत थांबून चालत नाही. डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल यांना मात्र ठराविक उतारा नाही. म्हणून डॉक्टरला औषधाचे नाव कळलेच पाहिजे. ऑर्गेनोफॉस्फरसचा रुग्ण सावरल्यासारखा दिसला तरी १ ते ४ दिवसांत त्याचा श्वास पुन्हा अडकू शकतो. त्याला घरी धाडण्याची घाई नको.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आपल्या मागण्या तीन :

१. फवारणीच्या हंगामात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅट्रोपिनचा पुरेसा साठा, आणि तो किती आहे हे फळ्यावर लिहिलेले.

२. रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी.

३. प्रत्येक विषबाधेची खबर, औषधाच्या नावासह, त्याच दिवशी कृषी खात्याला. तिची नोंद गावकऱ्यांना पाहता यावी.

आणि आपले काम? माणूस पडला की त्याला वाऱ्यावर आणा, कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, उलटी काढायला लावू नका. १०८ ला फोन करा. बाटली आणि तिच्यासोबतचे माहितीपत्रक रुग्णाबरोबर पाठवा. दुकानाची पावती जपा. पावतीशिवाय औषध घेऊच नका.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या आरोग्य केंद्रात अॅट्रोपिन किती आहे ते विचारून या. आकडा मिळाला तर आकडा आणा. नाही मिळाला तर कोणी नाकारला, ते लिहून आणा.